ॲन्सेल्मचा हात

गिरीज, ता. वसई
१८ सप्टेंबर १९७९

प्रिय युजीनदादा,

क्लेमीचा नमस्कार. घरात सगळे बरे आहेत असं लिहिते, कारण पत्राची सुरुवात तशी करायची असते. आई बऱ्या आहेत, वाडीतली केळी बरी आहेत. मी मात्र बरी नाही, आणि ते गावात कुणापाशी बोलता येत नाही म्हणून तुला त्रिवेंद्रमला लिहितेय. आईंना तर, त्या सासू म्हणून, मुळीच सांगता येणार नाही, पुढे वाचशील तेव्हा कळेल.

ओटीवरची ती लोखंडी पेटी तुला आठवत असेल. मोडीत निघालेल्या जहाजावरचा रिसीव्हर, ह्यांनी मुंबईच्या दारुखाना बंदरातून, जहाजं मोडतात तिथून, उचलून आणलेला. दोन माडांच्या मध्ये तार ताणून ह्यांनी तो मला लावून दिला. म्हणाले, मी बोटीवर असलो तरी संध्याकाळी ओटीवर येऊन जाईन. नवरा बोटीचा रेडिओ ऑफिसर असला की बायकोच्या वाट्याला गजरे येत नाहीत, टिट-टिट येते. चर्चमध्ये संध्याकाळची आंजेलुसची घंटा झाली की थोड्या वेळाने ‘समुद्रकेतु’वरून हे मुंबईच्या किनारा केंद्राला बोटीचा ठावठिकाणा कळवतात, आणि मी गुपचूप ऐकत बसते.

मोर्सची भाषा मला येत नाही. बोटीची खूण तेवढी ओळखते. पण ह्यांचा हात मला कळतो. बटण दाबायची प्रत्येकाची ढब वेगळी असते, त्याला ते लोक हातच म्हणतात. माजघरात कोण चाललंय ते जसं पावलांवरून समजतं, तसं मला समजतं.

गेल्या आठवड्यापासून तो हात थरथरतोय. दादा, मी वेडी नाही. बोटीची खूण तीच, वेळ तीच, पण आवाज घोगरा, कापरा, मध्येच बुडतो, मध्येच वर येतो. कधी सकाळी लागला तर एकदम खणखणीत. सकाळी चांगला आणि दिवेलागणीनंतर कापरा, याचा अर्थ मी तुला काय सांगू? सासरे कशाने गेले ते तू बघितलंयस. शेवटी शेवटी त्यांना कपसुद्धा धरता यायचा नाही. ह्यांनी लग्नाआधी मला न पिण्याचा शब्द दिला होता आणि आजवर पाळला. आता दर्यात एकटं पडल्यावर काय केलं असेल, या विचाराने माझा घास घशाखाली उतरत नाही. बोटीवर वायरलेसचा माणूस एकच असतो. तोच पिऊन पडला आणि बोटीला काही झालं, तर हाक कोण मारणार?

तुझं काम रेडिओचंच आहे. आवाजावरून माणूस प्यालाय की आजारी आहे हे सांगता येतं का? येत असेल तर लवकर लिही.

तुझी
क्लेमी


त्रिवेंद्रम
२४ सप्टेंबर १९७९

प्रिय क्लेमी,

तुझं पत्र वाचून मी आधी हसलो, मग खुर्चीतून उठलो, आणि मग ऑफिसात सगळ्यांना ते इंग्रजीत करून वाचून दाखवलं. रागावू नकोस, प्यायल्याचा भाग गाळला. ॲन्सेल्म प्यायलेला नाही. त्याचा हातही थरथरत नाही. आकाश थरथरतंय, आणि त्याच थरथरीचा मी इथे पगार घेतो.

आता नीट ऐक, आणि ‘सुरू झाला मास्तर’ म्हणू नकोस. आपल्या डोक्यावर, ढगांच्या कितीतरी वर, विजेने भारलेल्या विरळ हवेचा एक थर आहे. सूर्य दिवसभर हवेचे कण फोडून तो बनवतो. ॲन्सेल्मचा आवाज बोटीवरून निघतो, त्या थरावर आपटतो आणि खाली तुझ्या ओटीवर येतो. सूर्य बुडाला की त्या थराची खालची बाजू भराभर विरते, आणि इथे विषुववृत्ताच्या पट्ट्यात उरलेला थर वर उचलला जातो. म्हणजे वर दाट आणि खाली पोकळ. एका बाटलीत खाली खोबरेल आणि वर पाणी राहील का? तेलाचे गोळे वर चढणारच. तसे ही पोकळी बुडबुडे होऊन वर चढते. एकेक बुडबुडा वसईपासून डहाणूपर्यंत पसरेल एवढा, आणि चढतो विमानाच्या वेगाने. डोळ्यांना काही दिसत नाही. आम्ही जमिनीवरून रेडिओच्या लहरी वर सोडतो, त्या आपटून परत येतात, त्याची फिल्म काढतो. थर शांत असला तर फिल्मवर बारीक रेघ उमटते. बुडबुडे उठले की त्या रेघेचा नुसता फरकाटा होतो.

मोंबासाच्या वाटेवरून मुंबईकडे येणारा आवाज मधोमध नेमका याच पट्ट्यातून येतो. बुडबुड्यांच्या काठांवर तो फुटतो, शंभर वाटांनी तुझ्यापर्यंत पोचतो, आणि तुला वाटतं नवऱ्याला कापरं भरलं. दिवस आणि रात्र सारखे होतात त्या महिन्यांत हे जास्त, म्हणजे आत्ता. यंदा सूर्यही खवळलेला आहे. बुडबुडे संध्याकाळी सुरू होतात, मध्यरात्रीनंतर विरत जातात, सकाळी नसतात. तुझं सगळं वर्णन पुस्तकात छापण्यासारखं आहे. एखाद्या संध्याकाळी ते मुळीच उठत नाहीत, आणि का उठत नाहीत ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

तेव्हा आवाज थरथरला की घाबरायचं नाही. उलट मला कळवायचं, आमच्या कामाला येईल. ॲन्सेल्म परत आला की त्याची माफी माग, आणि मला वाडीतल्या केळ्यांची सुकेळी पाठव.

तुझा
युजीनदादा


गिरीज
७ ऑक्टोबर १९७९

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दोन वेळा जेवले. एवढ्यावरून काय ते समज. आईंना मी बुडबुड्यांचं सांगितलं, दारूचं अर्थातच नाही. त्या म्हणाल्या, एवढ्या उंचावर जाऊन ढवळतं कोण? मी म्हटलं, आमचा युजीन, सरकार त्याला त्याचेच पैसे देतं. आता गल्लीतल्या बायका विहिरीवर विचारतात, काय गं, आज बुडबुडा आहे का?

तुझ्या कामाचं लिहिते. गेल्या गुरुवारी तर कहर झाला. आंजेलुसनंतर पेटी लावली आणि ह्यांचा हात आला. एवढी थरथर मी कधीच ऐकली नव्हती. नेहमी लवकर आटोपतात, पण त्या दिवशी चालूच होतं, तेच ते पुन्हा पुन्हा. पलीकडून मुंबईचं उत्तर काही ऐकू आलं नाही. महिन्यापूर्वी असं झालं असतं तर मी ओटीवर रडत बसले असते. या वेळी मनात म्हटलं, वा, युजीनचा चांगला दांडगा बुडबुडा उठलाय. आत जपमाळ सुरू झाली होती, आई हाका मारत होत्या, म्हणून पेटी बंद केली आणि गेले.

त्यानंतर मात्र काहीच नाही. शुक्रवार, शनिवार, आज, नुसती खरखर. बुडबुडे एवढे वाढले की आवाज अजिबातच येऊ देत नाहीत, असं होतं का? मी घाबरलेली नाही हं, नुसतं विचारतेय. बोट दहा तारखेला मुंबईत लागणार आहे. सुकेळी ह्यांच्या हातूनच बांधून पाठवेन.

तुझी
क्लेमी


त्रिवेंद्रम
१२ ऑक्टोबर १९७९

प्रिय क्लेमी,

पत्र मिळालं. कामासाठी थोडी माहिती हवी आहे, उलट टपाली कळव.

गुरुवारी, म्हणजे चार तारखेला, आवाज लहानमोठा होत होता का? की सबंध वेळ एकसारखा मोठा होता? आवाज घोगरा होता की स्वच्छ? थरथर म्हणतेस ती आवाजात होती, की दाबण्यात, म्हणजे टिट कधी आखूड आणि कधी लांब, अशी? आठवून लिही. घाई नको, पण उशीरही करू नकोस.

बोट लागली का? आईंना नमस्कार.

युजीन


गिरीज
१७ ऑक्टोबर १९७९

दादा,

बोट लागलेली नाही.

तुझी चिठ्ठी काल आली. तू मला दोन ओळी खरडल्यास तरी त्यात एक चेष्टेची असते. या चिठ्ठीत एकही नाही. ‘दादा’सुद्धा लिहायला विसरलास. 

विचारलंस त्याचं उत्तर. आवाज सबंध वेळ मोठा आणि स्वच्छ होता. घोगरा नव्हता. बुडत नव्हता. ओटीवर उभं राहून बोलावं इतका जवळ होता. थरथर होती ती दाबण्यात. एक टिट आखूड, पुढचं उगाच लांब, मध्येच अडखळणं, पुन्हा पहिल्यापासून. सप्टेंबरात ऐकलं ते वेगळं होतं. तेव्हा आवाज हलत होता, हात जागेवर होता. गुरुवारी आवाज जागेवर होता. हे लिहिताना मला नीट कळतंय, त्या दिवशी कळलं नाही, कारण थरथर म्हणजे बुडबुडा हे मी पाठ करून ठेवलं होतं.

आणखी एक. गेले दहा दिवस मी सकाळीही पेटी लावते. सकाळीही काही नाही. तूच लिहिलंस, सकाळी बुडबुडे नसतात. मग सकाळी कोण अडवतंय?

कंपनीच्या फोर्टमधल्या ऑफिसात धाकटे दीर हिलरी जाऊन आले. तिथे म्हणाले, या महिन्यांत आवाज नीट लागतच नाहीत, सगळ्याच बोटी गप्प असतात, इंजिन दुरुस्तीला कुठेतरी थांबली असेल, वाट बघा. म्हणजे तेही तेच म्हणतात जे तू मला लिहिलंस. सगळे मला समजावतायत. मी अंगणात आले की बायका बोलायच्या थांबतात. पिण्याचं पाणी भरताना घागर आईंच्या हातून दोनदा निसटली.

मला एवढंच सांग. त्या गुरुवारी संध्याकाळी आकाशात बुडबुडा होता का? तुझ्याकडे फिल्म आहे. हो लिही नाहीतर नाही लिही. बाकी काही लिहू नकोस.

क्लेमी


त्रिवेंद्रम
२२ ऑक्टोबर १९७९

क्लेमी,

तार आधी मिळेल. तीच इथे पुन्हा लिहितो. नाही. चार तारखेला संध्याकाळी बुडबुडा नव्हता. फिल्मवर सबंध वेळ बारीक रेघ आहे. तुझं सात तारखेचं पत्र आलं त्याच दिवशी मी ती काढून बघितली होती, म्हणून प्रश्न विचारले. तुझं उत्तर वेगळं यावं असं मला वाटत होतं.

खरं ते सगळं सांगतो. माझी फिल्म माझ्या डोक्यावरच्या आकाशाची आहे. बोटीकडचं आकाश खूप पश्चिमेला, तिथे वेगळं असू शकतं. पण तुझ्या कानांनी निकाल लावलाय. बुडबुडा आवाज लहानमोठा करतो, घोगरा करतो. टिट आखूड-लांब करणं त्याला जमत नाही. ते माणसाचा हातच करतो. मुंबई केंद्राला ती हाक का लागली नाही, ते मला माहीत नाही. हा फरक मी पहिल्याच पत्रात लिहायला हवा होता. माझ्या डोळ्यांपुढे त्या दिवशी तुझा नवरा नव्हता, बुडबुडाच होता.

ताबडतोब ऑफिसात जा. हिलरीला घे, पण बोलायचं तू. आमच्या साहेबांच्या सहीचा कागद वेगळ्या पाकिटात पाठवलाय, त्याच्यासाठी थांबू नकोस. त्यांना सांग की चार तारखेला बोट बोलत होती आणि ती संकटात होती. बोटी गप्प असतात हे कारण त्या दिवसाला लागू नाही.

युजीन


गिरीज
२६ ऑक्टोबर १९७९

दादा,

मंगळवारी तार हातात आली तशी निघाले. साडीला चुलीची राख होती ती ऑफिसात बसल्यावर दिसली.

तिथल्या साहेबांनी मला पाणी दिलं आणि तेच सुरू केलं, बाई, ऑक्टोबरात संध्याकाळी आयनोस्फियर खराब असतं. मी म्हटलं, असतं, साहेब, मला माहीत आहे, सूर्य बुडाला की खालून पोकळी वर चढते. चार तारखेला चढली नव्हती. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, आवाज मोठा होता आणि हात कापत होता, बुडबुड्याने हात कापत नाही. आणि सकाळीही तुमची बोट का गप्प आहे, सकाळी आयनोस्फियर खराब असतं का? हिलरी माझ्याकडे बघतच राहिले. मी आवाज कापू दिला नाही. साहेबांनी विचारलं, मॅडम, ऐकलंत तर तेव्हाच का नाही कळवलं? मी म्हटलं, तुम्ही आत्ता मला जे सांगितलंत तेच मीही स्वतःला सांगितलं होतं. मग ते उठले. दुसऱ्या खोलीत गेले, आणि त्या संध्याकाळी त्या भागातल्या सगळ्या जहाजांना नजर ठेवा म्हणून संदेश गेला.

काल एका तेलवाहू जहाजाला होडी सापडली. अकरा माणसं जिवंत. नावं आली. ह्यांचं नाव नाही.

ते अकरा जण सांगतात की चार तारखेला बोटीत पाणी शिरलं आणि ती कलली. काळोख पडत होता. दुसरी होडीही पाण्यात सोडली होती. तिच्यात कोण चढलं ते कुणी बघितलं नाही. हे शेवटपर्यंत वायरलेसच्या खोलीत होते असं एकजण म्हणतो. दुसरा म्हणतो, त्याने ह्यांना डेकवर बघितलं. दुसरी होडी अजून सापडलेली नाही.

आता घरातलं. येत्या दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस आहे. घरातल्या मेलेल्यांची नावं लिहून पाकीट एक तारखेपर्यंत फादरांकडे द्यायचं, मग ते चर्चमध्ये मिस्सात वाचतात, तुला माहीतच आहे. आईंनी पाकीट आणलंय. सासऱ्यांचं नाव लिहून झालंय. खाली एका नावाची जागा सोडलीय, आणि कागद देव्हाऱ्यापाशी ठेवलाय. मी म्हटलं, आई, जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचलं तर? त्या म्हणाल्या, “दर्यात गेला त्याला ना माती, ना क्रूस. त्याच्यासाठी देवाकडे मागनं तरी वेळेवर होऊ दे. नाव राहिलं तर पोर वर्षभर तिकडे ताटकळंल.” पोटच्या मुलाबद्दल हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला त्यांची फार भीती वाटली. आणि त्या बरोबर असतील याची त्याहून जास्त.

नाव दिलं तर मी ह्यांना दुसऱ्या होडीतून ओढून काढल्यासारखं होईल. नाही दिलं आणि ते गेलेले असले तर? रात्री मी तो कागद उचलते, पुन्हा ठेवते. पेटी लावायचं धाडस होत नाही, कारण आता खरखर ऐकली की तिला काही कारण देता येत नाही.

दादा, वारा, प्रवाह, आकाश हे सगळं तू शिकलास. दुसऱ्या होडीत हे असतील का? तुझ्याइतकं शिकलेलं माझं दुसरं कुणी नाही. पण या वेळी मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. तसं लिहिलंस तर मी ओळखेन, आणि मग तुझं कुठलंच पत्र मला वाचता येणार नाही.

क्लेमी


गाडीत
३१ ऑक्टोबर १९७९

क्लेमी,

हे पत्र टपालात टाकणार नाही. उद्या पोचलो की तुझ्या हातात देईन. तोंडाने बोलायला गेलो तर मी काहीतरी समजावत बसेन, आणि तू ऐकून घेशील.

काल तुझं पत्र आल्यापासून मी मांडत होतो. त्या दिवसांतला वारा, पाण्याची ओढ, होडीत किती पाणी ठेवतात, पाऊस कुठे पडला. एका मांडणीत तो जिवंत निघतो, दुसरीत निघत नाही. मधल्या ज्या गोष्टी ठाऊक नाहीत तिथे मी मला हवं ते धरत होतो. ते लक्षात आलं तेव्हा दोन्ही कागद फाडून खिडकीतून टाकले.

मला माहीत नाही, क्लेमी. ॲन्सेल्म त्या होडीत आहे की नाही, मला माहीत नाही.

नाव दे असं मी सांगणार नाही, देऊ नकोस असंही सांगणार नाही. तुम्ही दोघी जे ठरवाल ते ठरवा. मिस्साला मी तुमच्या बाकावर असेन. मलाही फार भीती वाटतेय.

दादा